घर आपले, छप्पर सर्वांचे

आमची थोरली नात आणि नातजावई हॉलंडमध्ये नोकरीला आहेत. स्किपोल विमानतळापासून थोड्या अंतरावर नीउ-व्हेनेप नावाचे गाव आहे, तेथे ती दोघे चार वर्षे भाड्याने राहत होती. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचा फ्लॅट घ्यावयाचे ठरविले आणि कधी नव्हे तो वडीलधाऱ्यांचा सल्ला त्यांना हवासा वाटला. "आजी, आजोबा, तुम्ही आयुष्यात तीन घरं घेतलीत. घेताना काय बघायचं असतं?" असा नातीचा फोन आला. शुक्रवारची दुपार होती, घरात शाब्बाथची तयारी चालली होती. आम्ही तिला जे सांगितले ते कोणीही सांगेल तेच होते. ऊन कोठून येते ते बघ, नळाला पाणी किती जोराने येते ते बघ, स्टेशन किती लांब आहे, शेजारी कशी माणसे आहेत. फोन ठेवल्यावर आम्ही उभयता बराच वेळ गप्प बसलो होतो. जी गोष्ट सांगावयास हवी होती, नेमकी तीच आम्ही सांगितली नव्हती.

ती गोष्ट पुढे येईल. आधी घर या वस्तूविषयी थोडे बोलू.

आपल्या लोकांनी घरे तीन तऱ्हांची पाहिली. पहिले कोकणातले. आपल्या आडनावांतच गावे आहेत, पेणकर, रोहेकर, दिवेकर, आणि त्या गावांत जे घर होते ते जोत्यापासून कौलापर्यंत एकाच धन्याचे होते. कौल फुटले तर दोष त्याचा, मृगापूर्वी शाकारणी करून घेण्याची चिंता त्याची, आणि आळस केला तर गळके पाणीही त्याच्याच अंथरुणावर. दुसरे घर मुंबईतले, डोंगरी, उमरखाडी, भायखळ्याच्या चाळीतले. तेथे घर मालकाचे, आपण भाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना ती सोयीची होती, पण एवढ्याशा भाड्यात मालकाने दुरुस्ती सोडून दिली. शेवटी १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळ काढून उपकर बसवावा लागला. चाळीत वीस वर्षे राहिलेला माणूस जिन्याची फळी निखळली तर वर बघून मालकाला शिव्या देई आणि पुढच्या फळीवर पाय टाकून निघून जाई. आम्हीही तसेच गेलो आहोत.

तिसरे घर म्हणजे फ्लॅट. येथे माणूस पुरता मालकही नसतो आणि भाडेकरूही नसतो, आणि आमच्या मते बहुतेक घोटाळा येथूनच सुरू होतो. मुंबईत गावदेवीला सारस्वतांची सहकारी गृहसंस्था १९१५ साली निघाली. पुढे सहकारी संस्थांचा कायदा १९६० साली आणि मालकी फ्लॅटांचा १९६३ साली आला. इस्राएलात १९६९ च्या जमीन कायद्याने सामायिक घराचे नियम घातले, आणि ज्या वाआद-बायितच्या नावाने आपण दर महिन्याला कुरकुरतो ती त्याच नियमांतली. हॉलंडात फ्लॅटांचा कायदा १९५१ सालचा. देश कोणताही असो, मनुष्य कोकणातल्या घराचा अभिमान घेऊन फ्लॅटात शिरतो आणि दुरुस्तीची वेळ आली की चाळीतल्या भाडेकरूसारखा वर बघतो.

डच कायद्याने ही गोष्ट स्पष्ट बोलून दाखविली आहे. तेथे फ्लॅट घेणारा चार भिंती विकत घेत नाहीच. तो संपूर्ण इमारतीतला आणि तिच्या खालच्या जमिनीतला एक हिस्सा विकत घेतो, आणि त्या हिश्श्याबरोबर ठराविक खोल्या एकट्याने वापरण्याचा हक्क त्याला मिळतो. छप्पर, पाया, जिना, सांडपाण्याचे नळ, बाहेरच्या भिंती सर्वांच्या. पुष्कळ इमारतींच्या नियमावलीत खिडक्यांच्या चौकटी आणि घराचे मुख्य दारसुद्धा सामायिकच धरलेले असते. खरेदीखत झाले की माणूस मालकांच्या संघटनेचा सभासद आपोआप होतो. नको म्हणण्याची सोय नाही. या संघटनेला तिकडे व्हे-व्हे-ए म्हणतात.

आम्ही वसंतात तेथे गेलो तेव्हा हे गाव पाहिले. गाव म्हणण्यापेक्षा तळ्याचा तळ म्हणणे अधिक खरे. हार्लेमरमेर नावाचे अवाढव्य तळे तेथे होते. १८३६ सालच्या वादळांत त्याचे पाणी एकदा ॲमस्टरडॅमच्या आणि एकदा लायडेनच्या वेशीपर्यंत गेले, तेव्हा सरकारने ते उपसून टाकण्याचे ठरविले. सभोवार कालवा खणला, वाफेवर चालणारे तीन प्रचंड पंप बसविले आणि १८५२ साली तळे कोरडे झाले. आज त्या तळावर गावे आहेत, बटाट्याची शेते आहेत आणि स्किपोलचे विमानतळही आहे. सगळा प्रदेश समुद्राच्या पातळीहून चारपाच मीटर खाली. रस्ते आणि कालवे पट्टीने आखल्यासारखे सरळ. मुख्य कालव्यावर कलात्राव्हा नावाच्या स्पॅनिश वास्तुविशारदाने तीन पांढरे पूल बांधले आहेत. त्यांना तंतुवाद्यांची नावे आहेत आणि लोक त्यांचे फोटो काढतात. आमचे लक्ष मात्र पंपांकडे होते. तळे एकदा उपसले म्हणजे काम संपत नाही. पाऊस पडतो, जमिनीतून पाणी झिरपते आणि उपसा आजतागायत चालूच आहे. त्यासाठी जलमंडळाची पट्टी दर वर्षी प्रत्येक घराला येते. तू पहिल्या मजल्यावर राहतोस की चौथ्यावर, हे कोणी विचारीत नाही.

पूर्वी या देशात बांधाविषयी एक कठोर रिवाज होता. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे परवडत नसे, तो आपले फावडे बांधात रोवून जमीन सोडून जाई. जो कोणी ते फावडे उपटी त्याला जमीन मिळे आणि जमिनीबरोबर बांधाची जबाबदारीही. आम्हांला हे ऐकून परके वाटले नाही. पेण-अलिबागकडच्या खाजण जमिनी समुद्राला बांध घालूनच पिकवल्या जात. पेणकडे शिलोत्री नावाची वहिवाट होती. बाहेरचा मोठा बांध राखण्याबद्दल खाजणातल्या शेतकऱ्यांकडून भात घेतले जाई. ज्याचे शेत बांधापासून लांब आहे त्यालाही ते चुकत नसे, कारण बांध फुटला की खारे पाणी शेताचा नंबर बघून आत येत नाही.

नातीने पाहिलेला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा होता. इमारत सत्तरीच्या दशकातली, चोवीस बिऱ्हाडांची, सपाट छपराची. उजेड भरपूर, स्टेशन पायी दहा मिनिटे. आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिले होते की मासिक वर्गणी फक्त सत्तर युरो. नातजावई खूश झाला. शेजारच्या इमारतीत हीच वर्गणी दुपटीहून अधिक होती.

येथे थोडा हिशेब करू. २०१८ पासून हॉलंडात कायदा असा आहे की इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक संघटनेने दर वर्षी रक्कम बाजूला टाकली पाहिजे. एक तर निदान दहा वर्षांचा दुरुस्ती-आराखडा करून त्याप्रमाणे, नाही तर इमारत नव्याने बांधण्यास जो खर्च येईल त्याच्या अर्धा टक्का. समजा चोवीस बिऱ्हाडांची इमारत पुन्हा बांधण्यास साठ लाख युरो लागतील. अर्धा टक्का म्हणजे तीस हजार. चोवीसने भागले तर घरटी साडेबाराशे, महिन्याला सुमारे एकशे चार युरो. शिवाय इमारतीचा विमा, जिन्यातले दिवे, झाडलोट, लिफ्टची तपासणी. मग सत्तर युरोत हे सगळे कसे बसते? बसत नाही, हेच उत्तर. कायदा असला तरी घरोघर जाऊन पेटी उघडून बघणारा शिपाई कोणी ठेवलेला नाही.

तेव्हा आपल्यापैकी ज्यांची मुलेबाळे तिकडे फ्लॅट बघत असतील त्यांनी स्वयंपाकघरातल्या फरशा नंतर बघाव्यात आणि आधी कागद मागावेत. इमारतीच्या विभागणीचा दस्तऐवज आणि नियमावली, दुरुस्तीचा आराखडा, शिल्लक किती याचा दाखला, विम्याची पावती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागच्या तीन वार्षिक सभांचे वृत्तान्त. वृत्तान्तात माणसे दिसतात. कोण भांडतो, कोणता विषय दर वर्षी "पुढील सभेत घ्यावा" असे म्हणून पुढे ढकलला जातो, हे तेथेच कळते. आधीच्या मालकाची चालू आणि मागल्या वर्षाची वर्गणी थकली असेल तर नव्या मालकाकडूनही ती मागता येते, म्हणून नोटरीकडून संघटनेचा दाखला बघून घ्यावा. (तिकडचा नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाच्या फाटकापाशी शिक्के मारीत बसलेला गृहस्थ नव्हे. त्याच्यावाचून घराचे हस्तांतरच होत नाही.) करारावर सह्या होऊन प्रत हाती आली की खाजगी खरेदीदाराला माघार घेण्यास तीन दिवस मिळतात. तेवढ्यात काय वाचून होणार? वाचन आधीच झालेले बरे. नियमावलीत फरशीविषयीचे कलमही बघावे. पुष्कळ ठिकाणी खालच्या बिऱ्हाडाला आवाज जाऊ नये म्हणून लाकडी किंवा टाइलची जमीन घालण्यावर अटी असतात. आम्ही नातीला लग्नात पितळी खलबत्ता दिला आहे, त्याचे भवितव्य या कलमावर अवलंबून होते.

हे झाले व्यवहाराचे. पण नातीने विचारले, "समजा, शिल्लक नाही, छप्पर जुनं आहे. तरी किंमत कमी करून घेतलं तर त्यात काय चुकलं?" प्रश्न साधा दिसतो. आम्हांला त्यावर रात्री जागून काढाव्या लागल्या.

शिल्लक पेटी म्हणजे नेमके काय? लोकांना तो दंड वाटतो, नाही तर समितीचे खूळ. आम्हांला ते असे दिसते. छप्पर ज्या दिवशी गळते त्या दिवशी जुने होत नाही. ते रोज झिजते. पंचवीस वर्षे टिकणारे छप्पर पंचवीस वर्षांच्या दर रात्री थोडे थोडे वापरले जाते, आणि जो ज्या रात्री त्याखाली झोपला त्याने त्या रात्रीची झीज खाल्ली. तिचे पैसे पेटीत टाकणे म्हणजे स्वतःच्याच रात्रीचे भाडे देणे होय. जो ते देत नाही तो काटकसर करीत नाही. आपल्या रात्रींचे बिल तो मागाहून येणाऱ्याच्या दारावर चिकटवून जातो. सत्तर युरोची वर्गणी ही स्वस्ताई नव्हे. तीस वर्षे चोवीस कुटुंबे मिळून एका अनोळखी माणसाकडून उसने घेत आली होती, आणि तो अनोळखी माणूस म्हणजे आता आमची नात होती.

यात कोणी दुष्ट नसते, हेच तर अवघड आहे. सभेत हात वर न करणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. एकाला दोन वर्षांत बदली होणार असते, छप्पर त्याच्या कामाचे नाही. एकीचे वय ऐंशी असते, तिला वाटते आपल्यानंतर काय ते होवो. एकाच्या मुलीचे लग्न तोंडावर असते. प्रत्येकाचे कारण खरे असते, आणि खऱ्या कारणांची बेरीज करून छप्पर गळते.

फ्लॉरिडातल्या सर्फसाइड गावी २०२१ च्या जूनमध्ये काय झाले ते अनेकांना आठवत असेल. समुद्रकाठची बारा मजली इमारत, १९८१ सालची, १३६ फ्लॅटांची. राहणाऱ्यांत आपले ज्यू बांधव बरेच होते. २०१८ साली एका इंजिनिअरने लिहून दिले होते की पोहण्याच्या तलावाजवळच्या काँक्रीटला मोठी इजा झालेली आहे. मग वाद, सभा, २०१९ साली समितीतल्या काहींचे राजीनामे. दीड कोटी डॉलरांची पट्टी मंजूर होईपर्यंत २०२१ चा एप्रिल उजाडला. २४ जूनच्या मध्यरात्रीनंतर इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसे गेली. कोसळण्याचे तांत्रिक कारण काय, हा तज्ज्ञांचा विषय आहे. त्यावर आम्ही बोलणार नाही. पण तीन वर्षे ती माणसे एकमेकांशी भांडत होती ती काही राक्षस नव्हती, तुमच्या-आमच्यासारखीच होती. त्याच वर्षी सप्टेंबरात होलोनला एक इमारत पडली. रहिवाशांना आदल्या दिवशी बाहेर काढले होते म्हणून, देवाची कृपा, कोणी दगावले नाही.

आता आमची गोष्ट.

१९८४ साली आम्ही इस्राएलच्या दक्षिणेकडील एका गावी दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. सोळा बिऱ्हाडांची इमारत होती. महागाई अशी की किमतीची चिठ्ठी दर आठवड्याला बदले. आम्हांला मोठ्या मुलाच्या शाळेसाठी उत्तरेकडे जावयाचे होते. इमारतीखालचा सांडपाण्याचा नळ दर हिवाळ्यात तुंबे आणि तळमजल्याच्या मोऱ्यांतून घाण वर येई. वाआद-बायितने माणूस आणून दाखविले. सगळा नळ उखडून नवा टाकावा लागेल, घरटी बरीच मोठी रक्कम, असे त्याने सांगितले. सभा सोमवारी ठरली. आम्ही आदल्या गुरुवारी घर विकून मोकळे झालो.

घेणारे कुटुंब आपल्यापैकीच होते. मुंबईहून येऊन त्यांना वर्ष झाले नव्हते, बाई दिवसांत होती. त्या तरुणाला कागद वाचता येण्याइतके हिब्रू येत नव्हते, म्हणून त्याने मराठीत विचारले, "काका, बाकी सगळं ठीक आहे ना?" आमच्यापैकी एकाने सांगितले, "देवाच्या कृपेनं आमची काही तक्रार नाही." दुसरे चहा आणावयास आत गेले. शब्दांत पाहिले तर खोटे काहीच नव्हते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो, घाण तळमजल्यावर येत होती, आमची खरोखरच तक्रार नव्हती.

चार महिन्यांनी अंगण खणले गेले. त्यांनी बँकेतून कर्ज काढल्याचे आमच्या कानी आले. पुढे कितीतरी वर्षे लग्नकार्यात, मलिद्याला आमची त्यांची गाठ पडत राहिली. त्यांनी कधी विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही. दारफाळणीच्या सणाला आपण सगळे कबुलीजबाब म्हणतो, अक्षरमाळेने एकामागून एक पापे उच्चारतो. शेजाऱ्याचा अपराध शेजाऱ्याची समजूत घातल्यावाचून धुतला जात नाही हे आपल्याला लहानपणीच शिकविलेले असते. आम्ही चाळीस वर्षे तो दिवस उपाशी राहून काढला, पण फोन उचलला नाही.

वायिक्राच्या पंचविसाव्या अध्यायात विकताना आणि विकत घेताना एकमेकांची फसवणूक करू नका अशी आज्ञा आहे. विकताना तशी विकत घेतानाही, हे पाहण्यासारखे आहे. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये ही आज्ञाही त्याच पुस्तकातली. बाजारात वावरणारे म्हणतील की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, प्रत्येकाला आपापले घर आपण तपासून घेता येते. डच कायदाही खरेदीदाराला तपासून घे म्हणतो. पण त्याबरोबर विकणाऱ्यालाही तुला माहीत असलेला दोष सांग म्हणतो. आणि ज्याने जाणून लपविले त्याला "तू का पाहिले नाहीस" हे म्हणण्याचे तोंड सहसा राहत नाही. आम्हांला तर एवढेच वाटते की ज्या घरात माणूस वीस वर्षे राहिला त्या घराविषयी त्याला जे कळते, ते एका तासात खोल्या फिरून जाणाऱ्याला कळणे शक्य नाही. त्या दोघांत एक डोळस असतो आणि एक आंधळा, आणि डोळसाला ते ठाऊक असते.

नातीच्या फोननंतर दोन दिवसांनी आम्ही त्या गृहस्थांना फोन केला. आता तेही आजोबा झाले आहेत. आम्ही अडखळत सांगितले. ते हसले. म्हणाले, "काका, ती गटाराची गोष्ट? तुम्ही अजून धरून बसलात?" मग थोडे थांबून म्हणाले, "आम्ही ते घर शहाण्णव साली विकलं. रशियाहून आलेल्या एका कुटुंबाला. छताला ओल होती. विकायच्या आधी रंग काढून घेतला."

ते रागावले असते तर आम्हांला बरे वाटले असते.

मग आम्ही नातीला पुन्हा फोन करून सारे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मग मी त्या माणसाला काय विचारू?" आम्ही म्हटले, दोष काय आहे हे विचारू नकोस, त्यावर माणूस वकिलासारखा बोलतो. एवढेच विचार, की तुम्ही इथेच राहणार असता तर पुढच्या पाच वर्षांत काय काय दुरुस्त करून घेतलं असतं?

विकणारे गृहस्थ विधुर होते, मुलाजवळ राहावयास चालले होते. प्रश्न ऐकून ते खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "छप्पर." मग त्यांनी सगळे सांगितले. डांबरी थर फुगला आहे, दोन वेळा सभेत विषय आला, दोन्ही वेळा पडला. एका वेळी त्यांनी स्वतः विरुद्ध मत दिले होते, कारण बायको आजारी होती आणि पैशाची खात्री नव्हती.

आता पेच असा की खरे बोलणाऱ्याचाच तोटा होणार. नातजावयाने छपराचा सगळा वाटा किमतीतून कापावयाचे म्हटले. नात कबूल होईना. तिचे म्हणणे, जुन्या छपराची झीज त्यांची, ती त्यांनी भरावी. पण नव्या छपराखाली पुढची पंचवीस वर्षे आपण झोपणार, ते त्यांनी का भरावे? तेव्हा त्यांच्या रात्रींचे जे पेटीत पडले नाही तेवढेच कापावे. तिने कागदावर वर्षे मांडून आकडा काढला आणि तोच त्यांना दाखविला. ते कबूल झाले. नातजावई अजून म्हणतो की आणखी सहज सुटले असते. सुटले असते यात शंका नाही.

पण घर घेतल्याने प्रश्न मिटला नाही, उलट आता ती सभासद झाली. किंमत कापून घेतली आणि सभेत पुन्हा सत्तर युरोलाच हात वर केला, तर तिनेही उसनवारी पुढे चालविली असे झाले असते. पहिल्याच सभेत तिने छपराचा विषय मांडला. तळमजल्यावर एक वृद्ध बाई राहतात, इमारत बांधल्यापासून. सरकारी पेन्शनवर त्यांचे चालते. वर्गणी दुप्पट झाली तर त्यांचे गणित कोलमडते. त्या उठून म्हणाल्या की मी तळमजल्यावर आहे, छपराशी माझा काय संबंध?

मिश्नाच्या बाबा मेत्सिया भागाच्या शेवटच्या अध्यायात खालचे घर एकाचे आणि वरचा मजला दुसऱ्याचा अशा घराचा विचार आहे. दोन्ही कोसळली तर लाकूड, दगड आणि माती दोघांनी वाटून घ्यावी. खालचा पुन्हा बांधावयास तयार नसेल तर वरच्याने खालचे घर बांधून, खर्च वसूल होईपर्यंत त्यात राहावे. म्हणजे छपराशी खालच्याचा संबंध आहेच. पण कोणाकडून किती आणि किती दिवसांत घ्यावे, याला मात्र माणसाचे तोंड बघावे लागते. आम्हां दोघांत यावरून वाद झाला. एकाचे म्हणणे, त्या बाई चाळीसहून अधिक वर्षांच्या रात्री त्या छपराखाली झोपल्या, सर्वांत मोठे देणे त्यांचेच. दुसऱ्याचे म्हणणे, जिच्याकडे देण्यास काही नाही तिच्याकडे देणे मागणे हा न्याय असेल, पण तो शेजार नव्हे. छपराबरोबर उष्णता राखणारा थर घातला तर तिकडे संघटनांना अशा कामासाठी राष्ट्रीय निधीतून दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू शकते. त्याने ओझे पुढच्या वर्षांवर पसरते, आणि ज्या रात्री अजून यावयाच्या आहेत त्यांच्यावर ते पडते, हे योग्यच. समितीने तो मार्ग धरला आणि वर्गणी तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवावयाची ठरविली. ठराव मंजूर झाला. बाईंनी विरुद्ध मत दिले. टपालपेट्यांपाशी भेट झाली की त्या आणि आमची नात हवापाण्याविषयी बोलतात, दुसरे काही नाही. आम्हां दोघांतला वाद अजून तसाच आहे.

गृहप्रवेशाच्या आधी आणखी एक गोष्ट निघाली. मेझुझा लावावयाची होती आणि दाराची चौकट सामायिक मालकीची. नातजावई म्हणाला, दोन खिळ्यांना कोण विचारतो? नातीने रीतसर अर्ज केला, मेझुझा म्हणजे काय हेही दोन ओळींत लिहिले. आठ दिवसांनी समितीचे उत्तर आले. हरकत नाही. मात्र घर सोडून जाताना खिळ्यांची भोके बुजवून जावीत.